अर्धवट संशयाचे मानसशास्त्र

इंग्रजीतल्या ‘कॉन्स्पिरसी थिअरी’ला मराठीत ‘षड्‌यंत्र सिद्धान्त’ म्हणण्याची रीत पडली आहे आणि ती मला पहिल्यापासून खटकत आली आहे. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांच्या झटापटीतून, आक्षेपांना तोंड देऊन अखेरीस जे सिद्ध होते त्याला सिद्धान्त म्हणायचे. चंद्रावर माणूस उतरलाच नाही, लशीतून वंध्यत्व पसरवले जाते, जगाचा कारभार एका गुप्त मंडळाच्या हाती आहे, या कथनांमध्ये नेमका तो प्रवासच नसतो. तिथे निष्कर्ष आधी ठरतो आणि पुरावे मागाहून गोळा होतात. म्हणून या लेखापुरता मी ‘कटकथा’ हा शब्द वापरतो. तो हिणवण्यासाठी नाही. कथेत पात्रे असतात, त्यांना हेतू असतो, एखादा खलनायक असतो आणि घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला प्रयोजन असते. वास्तवात यांतले बरेच काही नसते आणि माणसाला ते नसणेच सोसत नाही.

अशा कथांवर विश्वास ठेवणारे लोक अडाणी किंवा भोळे असतात, हा सुशिक्षितांमधला लाडका समज आहे. तो समजणाऱ्याला सुखावतो, एवढाच त्याचा उपयोग. कटकथा मानणारा माणूस स्वतःला भोळा मुळीच समजत नाही. चार लोक सांगतात त्यावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवत नाही, हाच त्याचा अभिमान असतो, आणि सरकारी अहवालातली विसंगती तो ज्या चिकाटीने शोधतो ती पाहिली तर त्याला आळशी म्हणण्याचीही सोय उरत नाही. त्याची चूक संशय घेण्यात नाही. त्याचा संशय अर्धवट आहे. अधिकृत निवेदनाचा शब्दन्‌शब्द तपासणारा हा माणूस त्याच्या जागी आलेल्या पर्यायी कथेला एकही प्रश्न विचारत नाही. हा अर्धवटपणा येतो कुठून, आणि त्याचा दोष एकट्या त्या माणसाच्या पदरात टाकता येतो का, असा माझा प्रश्न आहे.

सुरुवात मनाच्या घडणीपासून करावी लागते, कारण ती घडण सर्वांचीच सारखी आहे. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली एक छोटीशी चित्रफीत प्रयोगासाठी वापरली. तीत दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडझाप होणारी फट असलेली एक चौकट एवढेच होते आणि या आकृत्या पडद्यावर इकडून तिकडे सरकत होत्या. काय दिसले ते लिहा, असे ३४ जणांना सांगितले, तेव्हा भूमितीच्या भाषेत वर्णन करणारी व्यक्ती एकच निघाली. बाकीच्यांना त्या आकृत्यांमध्ये दांडगाई करणारा मोठा त्रिकोण दिसला, घाबरलेले वर्तुळ दिसले, भांडण, पाठलाग आणि सुटका दिसली. हालचाल दिसली की मन तिच्यामागे कर्ता शोधते आणि कर्ता सापडला की त्याला हेतू चिकटवते. गवत हलले तेव्हा वारा समजून बसलेल्यापेक्षा श्वापद समजून पळालेला पूर्वज जगण्याची शक्यता अधिक होती, असे उत्क्रांतीच्या अंगाने याचे स्पष्टीकरण दिले जाते आणि ते पटण्यासारखे आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, हे आपल्या भाषेने फार पूर्वी ओळखले. तरीही प्रत्यक्ष फांदी मोडताना पाहिली की नजर आधी कावळ्याकडेच जाते.

दुसरी खोड परिणामाच्या आकाराशी जोडलेली आहे. घटना मोठी असेल तर तिचे कारणही तेवढेच मोठे असले पाहिजे, असे आपल्याला आतून वाटत असते. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डलास शहरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली आणि ली हार्वी ओस्वाल्ड या एकट्या माणसाने ती केली, असा निष्कर्ष चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाने पुढच्याच वर्षी काढला. तो बहुसंख्य अमेरिकी लोकांच्या गळी कधीच उतरला नाही. गॅलप संस्थेच्या १९७६ सालच्या पाहणीत ८१ टक्के लोकांनी या हत्येमागे एकाहून अधिक माणसे होती असे सांगितले, आणि २०२३ सालीही हे प्रमाण ६५ टक्के होते. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावरही एका एकट्या तरुणाने गोळ्या झाडल्या. रेगन वाचले, आणि त्या हल्ल्याभोवती कटकथांचे असे रान कधी माजले नाही. एका राष्ट्राचा इतिहास वळवणारी घटना एका भणंग, अयशस्वी माणसाच्या बंदुकीतून घडावी, हा हिशेब मनाला जुळत नाही. पारड्यात तोलून पाहिले तर एक बाजू फारच हलकी भरते. तिथे गुप्तहेर संघटना, गुन्हेगारी टोळ्या किंवा परकी सत्ता बसवली की तराजू सम होतो. खरे तर यात दुःखाचाही वाटा आहे. निरर्थक मरणापेक्षा कटाने आलेले मरण मागे राहिलेल्यांना थोडे सुसह्य वाटते.

हतबलतेचा मुद्दा मात्र जरा जपून मांडावा लागतो. आपल्या हातात काही नाही, असे वाटू लागले की माणसाला नसलेले आकृतिबंध दिसू लागतात, असा निष्कर्ष जेनिफर व्हिट्सन आणि ॲडम गॅलिन्स्की यांनी २००८ साली काही प्रयोगांवरून काढला आणि तो फार गाजला. पुढच्या अभ्यासांमध्ये मात्र हा परिणाम तितका ठळक दिसला नाही. साथी, युद्धे आणि आर्थिक पडझड यांच्या काळात कटकथांना ऊत येतो हे इतिहासात दिसते. पण प्रयोगशाळेत दहा मिनिटांपुरती निर्माण केलेली असहायता आणि वर्षानुवर्षे भोगलेली असहायता यांत फरक असणारच. मला स्वतःला दुसरीच अधिक महत्त्वाची वाटते.

इथपर्यंतचे सगळे विवेचन ‘त्यांच्या’ मनाविषयी चालले आहे, असे वाचकाला वाटले असेल तर पुढचे प्रकरण त्याने जरूर लक्षात घ्यावे. मायकेल वुड, कॅरन डग्लस आणि रॉबी सटन या ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. राजकुमारी डायना यांचा खून झाला, या विधानाशी जे लोक अधिक सहमत होते, तेच डायना यांनी स्वतःच्या मृत्यूचा बनाव रचला या विधानाशीही अधिक सहमत असल्याचे त्यांना आढळले. ओसामा बिन लादेनबाबतही तसेच: अमेरिकी सैनिक पोचण्यापूर्वीच तो मेला होता आणि तो अजून जिवंत आहे, ही दोन्ही मते हातात हात घालून चालताना दिसली. या निष्कर्षाला अमाप प्रसिद्धी मिळाली. एकच व्यक्ती मेलेलीही आहे आणि जिवंतही आहे असे मानणारे हे लोक, असे म्हणून आम्ही शहाणी माणसे पोट धरून हसलो. मीही हसलो होतो.

२०२३ साली यान-विलेम व्हान प्रोयेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न पुन्हा तपासला, तेव्हा वेगळेच निघाले. ते आकडेशास्त्रीय नाते मुख्यतः दोन्ही कथा नाकारणाऱ्या लोकांमुळे तयार झाले होते. खून झाला नाही असे म्हणणारे बहुसंख्य लोक बनावही झाला नाही असेच म्हणतात, आणि या दुहेरी नकारामुळे दोन विधानांमध्ये जवळीक असल्यासारखे भासते. प्रश्न नीट विचारला तर डायना एकाच वेळी मृत आणि जिवंत आहे असे मानणारे लोक जवळपास सापडत नाहीत. म्हणजे कटकथा मानणाऱ्यांविषयीची एक चटकदार गोष्ट दहा-अकरा वर्षे जगभर फिरली. ती पुन्हा तपासून पाहावी असे आमच्यापैकी फारच थोड्यांना वाटले, याचे कारण ती आम्हाला हवी तशीच होती. अर्धवट संशयाचे याहून नेटके उदाहरण मला माहीत नाही.

तरीही या दोन बाजूंमध्ये एक फरक उरतोच. संशोधनाच्या रूढ व्यवहारात जुन्या निष्कर्षाला आव्हान देणाऱ्याला जागा होती, आकडे उपलब्ध होते, आणि चूक दाखवून देणाऱ्याला कोणी फितूर ठरवले नाही. कटकथेच्या घरात ही सोय नसते. तिथे पुरावा सापडला नाही तर तो दडपला गेला असे म्हणतात, विरुद्ध पुरावा सापडला तर तो बनावट असतो, आणि आतला माणूस फिरला तर तो विकला गेलेला असतो. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असे आपण ज्याला बजावतो त्याला निदान दोन वाटा मोकळ्या असतात. कटकथेने दोन्ही बुजवलेल्या असतात. चौकशीची कोणतीही निष्पत्ती जिला खोटी पाडू शकत नाही, अशा कथेला चौकशीची गरजच उरत नाही, आणि मग चौकशीची मागणी ही केवळ लढाईची घोषणा म्हणून शिल्लक राहते.

कट नसतातच असे मात्र कोणी समजू नये, आणि या विषयावर लिहिणारे अनेक जण तिथेच घसरतात. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने १९३२ साली अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना खऱ्या आजाराचे नाव सांगितले गेले नाही, आणि १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय हाती आल्यावरही तो त्यांना दिला गेला नाही. उपचाराविना हा रोग शरीराचे काय करतो, ते डॉक्टरांना पाहायचे होते. हा प्रकार ४० वर्षे चालला. १९७२ साली वृत्तसंस्थेने तो उघड केल्यावरच थांबला, आणि राष्ट्राध्यक्षांची माफी येण्यासाठी १९९७ साल उजाडले. अंगावर काटा आणणारी गोष्ट ही, की हे सारे फारसे लपवलेलेही नव्हते. या अभ्यासावरचे निबंध त्या काळात वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतल्या बड्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलात जमले आणि सिगारेट व कर्करोग यांच्या संबंधाविषयी लोकांच्या मनात संभ्रम टिकवून धरण्याच्या दीर्घ मोहिमेची पायाभरणी तिथे झाली. फोक्सवॅगनने सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांमध्ये प्रदूषण चाचणीला फसवणारी प्रणाली बसवली होती, हे २०१५ साली जगासमोर आले.

या खऱ्या कटांकडे नीट पाहिले तर त्यांचा चेहरामोहरा कटकथांहून निराळा दिसतो. त्यांची उद्दिष्टे मर्यादित होती: एक खोटा अहवाल, एक लपवलेली चाचणी, विक्री टिकवण्याची धडपड. ते उघडकीला आले ते कागदपत्रांतून, मोजमापांतून, खात्यातल्याच एखाद्या अस्वस्थ माणसाच्या तक्रारीतून, न्यायालयातल्या उलटतपासणीतून. फोक्सवॅगनची लबाडी पकडली गेली ती रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा धूर मोजणाऱ्या विद्यापीठीय संशोधकांमुळे. डेव्हिड ग्राइम्स या भौतिकशास्त्रज्ञाने २०१६ साली गणित मांडले होते, की चंद्रावरचे अवतरण खोटे असते तर ते गुपित सुमारे ४ लाख ११ हजार लोकांना सांभाळावे लागले असते आणि ते चार वर्षांच्या आतच फुटले असते. त्या आकड्यांच्या अचूकतेवर मी फार भार टाकणार नाही, पण त्यामागचा विचार बरोबर आहे. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी फार पूर्वीच लिहून ठेवले होते, की लोक कट करतात, पण ते क्वचितच मनासारखे तडीस जातात; समाजात जे घडते ते बहुतांशी कोणीच योजलेले नसते. त्यांचेच उदाहरण सांगायचे तर घर विकत घ्यायला निघालेल्या माणसाला घरांचे भाव वाढावेत असे मुळीच वाटत नाही, परंतु त्याच्या बाजारात उतरण्यानेच ते वाढतात. कटकथा मानणाऱ्याला नेमके हेच पचत नाही. त्याच्या जगात नालायकी नाही, दिरंगाई नाही, योगायोग नाही. तिथे सत्ताधारी विलक्षण कार्यक्षम आहेत. ज्या सरकारला साधा तक्ता वेळेवर भरता येत नाही, त्याच सरकारकडून पन्नास वर्षे अबाधित राहणारे गुपित तो अपेक्षितो, ही मला नेहमीच गमतीची गोष्ट वाटत आली आहे.

मात्र खऱ्या कटांचा एक परिणाम फार खोलवर जातो, आणि माझ्या मते अर्धवट संशयाचे मूळ तिथे आहे. सामान्य माणूस लस कशी काम करते, मतमोजणी कशी होते, हवामानाचे प्रारूप कसे बांधतात, हे स्वतः तपासू शकत नाही. मीही शकत नाही. आपले बहुतेक सारे ज्ञान उसने असते आणि ते कोणाकडून उसने घ्यायचे एवढीच निवड आपल्या हाती असते. म्हणून ‘काय खरे?’ हा प्रश्न व्यवहारात ‘कोणावर विसंबायचे?’ असा होऊन बसतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्याला आपण मूर्ख म्हणत नाही. तोच माणूस दूध देणाऱ्यावर रागावून शेजारच्या भांड्यातले अनोळखी द्रव्य घटाघट पितो, तेव्हा मात्र चिंता वाटते. एका संस्थेने फसवले म्हणून तिच्यावरचा विश्वास उडणे समजण्यासारखे आहे. परंतु उडालेला विश्वास हवेत तरंगत राहत नाही, तो दुसरीकडे कुठेतरी बसतो, आणि तो ज्याच्यावर बसतो त्याची परीक्षा एकच असते: त्याला ती संस्था आवडत नाही ना? शत्रूचा शत्रू तो आपला तज्ज्ञ.

यात मिळणारा सामाजिक मोबदलाही कमी नसतो. जे इतरांना कळले नाही ते आपल्याला कळले, या भावनेत एक प्रतिष्ठा असते, आणि जिला बाहेरच्या जगात प्रतिष्ठा मिळत नाही त्या व्यक्तीला तिचे मोल अधिक. शिवाय तसेच मानणाऱ्यांची सोबत मिळते. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर पडली की ती अधिक खरी वाटू लागते, हे १९७७ सालापासूनच्या अनेक प्रयोगांत दिसले आहे. पाचामुखी परमेश्वर म्हणतात तो असा प्रकटतो. कटकथा जोवर एखाद्या कार्यालयावर संशय घेते तोवर तिचे नुकसान आवाक्यात असते. ती जेव्हा एखाद्या समाजाकडे बोट दाखवते तेव्हा माणसे मरतात. विहिरींत विष कालवून प्लेग पसरवल्याच्या आरोपावरून १३४९ च्या फेब्रुवारीत स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळण्यात आले. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यूंच्या जागतिक कटाचा म्हणून जो बनावट मसुदा रशियात छापला गेला, तो एका जुन्या फ्रेंच राजकीय पुस्तकावरून उचलल्याचे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ सालीच दाखवून दिले होते, नाझींनी त्यानंतरही तो शाळांमधून वाचायला दिला.

मग करायचे काय? बंदीचा उपाय अनेकांना सोपा वाटतो. हिंसेला सरळ चिथावणी दिली जात असेल तिथे कायद्याने हात घातलाच पाहिजे, परंतु निव्वळ चुकीच्या मतावर बंदी घालणे म्हणजे सत्य दडपले जाते या दाव्याला आपणच पुरावा पुरवणे आहे. उपहासाने काय होते ते वर डायनाच्या प्रकरणात दिसलेच. पुरावे दाखवून काही उपयोग नसतो, माणसे उलट अधिक हट्टी होतात, असेही मध्यंतरी ठासून सांगितले जात असे. तेही नंतरच्या व्यापक प्रयोगांत टिकले नाही. थॉमस कॉस्टेलो, गॉर्डन पेनीकुक आणि डेव्हिड रँड यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,१९० अमेरिकी लोकांचा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीशी लेखी संवाद घडवून आणला. प्रत्येकाने आपली कटकथा आणि तिच्या बाजूचे पुरावे स्वतःच्या शब्दांत मांडले, आणि प्रणालीने त्याच पुराव्यांना मुद्देसूद उत्तरे दिली. विश्वास सरासरीने २० टक्क्यांनी उतरला आणि दोन महिन्यांनंतरही तो तसाच उतरलेला आढळला. २० टक्के म्हणजे मतपरिवर्तन नव्हे. बहुतेक जण आपल्या कथेवर थोडेफार टिकूनच राहिले. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की त्या माणसाचे म्हणणे कोणीतरी पूर्ण ऐकून घेतले आणि त्याच्याच मुद्द्याला उत्तर दिले. सरकारी पत्रके नेमके हे करत नाहीत. ती न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देतात.

पण संवादाला मर्यादा आहेत आणि त्या नायजेरियातल्या कानो राज्याने दाखवून दिल्या. तिथे १९९६ साली मेंदूज्वराच्या साथीत फायझर कंपनीने सुमारे २०० मुलांवर एका नव्या प्रतिजैविकाची चाचणी घेतली. पालकांना नीट कल्पना दिली गेली नव्हती असा आरोप झाला, खटले उभे राहिले, आणि २००९ साली कंपनीने दोष मान्य न करता ७ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड केली. दरम्यान २००३ साली त्याच भागात अशी कथा पसरली, की पोलिओच्या लशीत मुस्लिमांना वंध्य करणारी द्रव्ये मिसळली आहेत. ती साफ खोटी होती. पण तिला जे कान मिळाले ते १९९६ ने तयार केलेले होते. कानोने लसीकरण जवळजवळ वर्षभर बंद ठेवले आणि तिथला विषाणू अनेक देशांमध्ये पुन्हा पसरला. इतके होऊनही २०११ साली अमेरिकेच्या गुप्तहेर संघटनेने बिन लादेनचा माग काढण्यासाठी पाकिस्तानात एक लसीकरण मोहीम पडदा म्हणून वापरली. लसीकरणाच्या आडून परकी हेर येतात, ही तोवर कटकथा होती. तिला एका खऱ्या उदाहरणाचा आधार त्या संघटनेने आपण होऊन दिला. पुढे पाकिस्तानात पोलिओचे डोस पाजणाऱ्या आरोग्यसेविकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. लसीकरणाचा असा वापर यापुढे करणार नाही, असे आश्वासन अमेरिकेने २०१४ साली दिले.

कानोतली बंदी उठली ती जुलै २००४ मध्ये. लशीच्या चाचण्या अनेकदा झाल्या होत्या, तज्ज्ञांचे निर्वाळे आले होते, आंतरराष्ट्रीय संस्थांनी विनवण्या केल्या होत्या. अखेरीस तोडगा निघाला तो असा, की लस इंडोनेशियातून, म्हणजे मुस्लिमबहुल देशातल्या कारखान्यातून आणायची. कुपीत औषध तेच होते, ती कोणाच्या हातून येते एवढे बदलले, आणि मुलांच्या तोंडात पुन्हा थेंब पडू लागले. पण थांबण्यातला तो काळ विषाणूला पुरला होता. नायजेरियातून निघून देशादेशांतून वाट काढत तो २००५ साली, दहा वर्षे पोलिओमुक्त असलेल्या त्याच इंडोनेशियात जाऊन पोचला.